किल्ली निघाली प्रवासाला!

दोस्तांनो, समजा तुम्हाला कुणी म्हणालं, "तुझ्या घरातली एकच लहानशी वस्तू दे. ती जगभर फिरेल. आज या गावात, तर पुढच्या महिन्यात दुसऱ्याच देशात! तिला नेणारी माणसं तुझ्या ओळखीची नसतील. पण ती कुठं पोचली, हे तुला घरबसल्या कळत राहील." तर तुम्ही कोणती वस्तू द्याल?

थांबा, थांबा! लगेच उत्तर देऊ नका. माझ्या भाचीनं दिलं होतं आणि पहिल्या झटक्यात दिलेली चारही उत्तरं चुकली होती. ही भाची अकरा वर्षांची. राहते अमेरिकेत, सिअ‍ॅटलला. तिच्या वाढदिवसाला मैत्रिणीनं तिला एक 'ट्रॅव्हल बग' दिला. म्हणजे काय, ते आधी सांगतो.

बादलीतला खजिना

मोबाइलमधला नकाशा आपण कुठं आहोत ते बरोबर दाखवतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ही 'जीपीएस'ची करामत. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांकडून येणारे संदेश मोजून आपली जागा ठरते. पण पूर्वी अमेरिकेचं सरकार सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे व्हायची. मे २००० च्या सुरुवातीला ही चूक मिसळणं बंद झालं आणि जागा एकदम नेमकी कळू लागली.

लगेच, ३ मे २००० रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी ऑरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक बादली ठेवली. तिच्यात पुस्तकं, व्हिडिओ, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा एक पत्र्याचा डबा! जागेचे अक्षांश-रेखांश त्यांनी इंटरनेटवर जाहीर केले. शोधा, एखादी वस्तू घ्या, एखादी ठेवा आणि वहीत नोंद करा, बस्स! काही दिवसांतच लोकांनी ती बादली शोधून काढलीसुद्धा. या खेळाला पुढं नाव पडलं 'जिओकॅशिंग'. आज जगभर असे लाखो डबे दडवलेले आहेत.

ट्रॅव्हल बग हा या खेळातला प्रवासी. तो २००१ साली आला. सैनिकांच्या गळ्यात असतो ना, तसा धातूचा बिल्ला. जेमतेम पाच सेंटिमीटर लांब. त्यावर अक्षरं आणि आकडे मिळून एक क्रमांक कोरलेला असतो. एकाच क्रमांकाचे दोन बिल्ले मिळतात. एक आपल्याजवळ ठेवायचा. दुसरा आपल्या वस्तूला साखळीनं अडकवायचा आणि वस्तू एखाद्या डब्यात सोडून द्यायची. ज्याला ती सापडेल, त्यानं ती ठेवून घ्यायची नाही, पुढच्या डब्यापर्यंत न्यायची आणि क्रमांक टाकून संकेतस्थळावर नोंद करायची. नोंद झाली, की आपल्याला कळतं: स्वारी इथं पोचली!

चार उत्तरं, चार चुका

आता भाचीची फजिती ऐका. ती उन्हाळ्यात वाईला आजीकडे आली होती. बिल्ला सोबत होताच. तिच्या मनात एकच होतं, वस्तू मराठी मुलखातली हवी.

पहिली निवड भोवरा. मी म्हटलं, "अगं, लाकूड आहे ते. डबा झाडाच्या बुंध्याशी नाहीतर दगडाच्या कपारीत असतो. झाकण नीट लागलं नाही, की पाणी आत. लाकूड फुगेल, आर गंजेल. शिवाय आर टोकदार, कुणाच्या बोटात घुसली तर?"

दुसरी निवड सावंतवाडीचा लाकडी आंबा. खऱ्या आंब्यासारखा पिवळाधमक! पण तो माझ्या मुठीत मावेना. या खेळातले पुष्कळ डबे लहान असतात. काही तर जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मच्या डबीएवढे. वस्तू मोठी असेल तर नेणाऱ्याला तिच्या मापाचा डबा मिळेपर्यंत ती त्याच्या घरी पडून राहते आणि विसरली जाते.

तिसरी निवड रंगीत कापडी ठकी. ही तर फारच गोड होती आणि तीच तर अडचण! डबा उघडणारी पुष्कळ मुलं तुमच्याएवढीच असतात. डब्यातल्या खेळण्यांची अदलाबदल करायची असते, हे त्यांना माहीत असतं. बिल्ल्याची भानगड माहीत असतेच असं नाही. गोड ठकी दिसली, की ती गेली खिशात! कुणी चोर नसतं, पण प्रवास तिथंच संपतो.

चौथी निवड गणपतीची छोटी मूर्ती. यावर आजी बोलली, "बाळ, अनोळखी रानात, ओल्या डब्यात, चिखलाच्या हातांनी त्याला कुणी कसंही ठेवील. तुला चालेल?" भाचीनं मान हलवली. मूर्ती पुन्हा देव्हाऱ्यात गेली.

"मग काय पाठवू? दगड?" ती फुरंगटून म्हणाली.

खरं सांगू? दगडही वाईट नव्हता!

मंगळावरचा प्रवासी

या खेळातला सगळ्यात लांब गेलेला प्रवासी कोणता, माहीत आहे? अवकाशात तो केव्हाच पोचला होता. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये रिचर्ड गॅरियट यांनी आपल्यासोबत एक ट्रॅव्हल बग आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नेला होता. पण त्याच्याही पुढं, थेट मंगळावर एक जण जाऊन बसला आहे!

'नासा'ची 'पर्सिव्हिअरन्स' ही गाडी १८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंगळावर उतरली. तिच्या यांत्रिक हातावर 'शेरलॉक' नावाचं उपकरण आहे. ते खडकांची तपासणी करतं. उपकरण बरोबर चाललंय ना, हे ताडून पाहायला गाडीवर काही ठरावीक पदार्थांचे तुकडे बसवले आहेत. त्यांत अवकाशवीरांच्या पोशाखाला लागणाऱ्या कापडांचे तुकडे आहेत आणि शिरस्त्राणाच्या काचेसाठी वापरतात त्या पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचाही एक तुकडा आहे. मंगळावरच्या प्रारणात हे पदार्थ किती टिकतात, हे त्यावरून कळतं. त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यावरच जिओकॅशिंगचा क्रमांक कोरला आहे! एकच तुकडा, उपकरण तपासायचं, टिकाऊपणा पाहायचा आणि खेळही खेळायचा. आहे की नाही गंमत?

यातून काय शिकायचं? शास्त्रज्ञांनी सुंदर वस्तू शोधली नाही. प्रवास झेपेल अशी शोधली.

याच्या उलट गोष्ट त्या बीन्सच्या डब्याची. अल्मर यांच्या बादलीतला तो डबा पुढं पुन्हा सापडला आणि आता त्यालाही क्रमांक मिळाला आहे. गंजलेला डबा, पण खेळाडू तो कौतुकानं बघतात! मात्र खाऊ डब्यात ठेवायला आज बंदी आहे. वासानं जनावरं येतात आणि डबा फोडतात. काडेपेटी, फटाके, चाकू, औषधं हेही चालत नाही.

आजीच्या फडताळातली किल्ली

वाईच्या घरात भिंतीतलं एक फडताळ आहे. त्याला पितळेचं जुनं कुलूप लटकलेलं असतं. ते बिघडून कैक वर्षं झाली, उघडंच असतं. पण किल्ली आजीनं खिळ्याला जपून टांगलेली.

भाचीची नजर त्या किल्लीवर गेली. बोटभर लांब. पितळ, म्हणजे लोखंडासारखं गंजणार नाही. वरच्या कडीत आयतं भोक, साखळी ओवायला! टोकदार नाही. नव्यासारखी चकचकीतही नाही, म्हणजे कुणाला मोह होणार नाही. आणि गोष्ट तर केवढी! कुलूप वाईला, किल्ली जगभर!

"अगं पण घरची किल्ली परक्याच्या हातात?" आजी दचकलीच.

"आजी, कुलूप तर चालतच नाही ना? मग तू किल्ली का ठेवलीस?"

आजी जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांच्या हातची सवय. रोज रात्री ते फडताळ बंद करायचे. टाकवत नाही गं."

आता मात्र भाची गप्प झाली. तिनं किल्ली परत खिळ्याला टांगली. कारण या खेळाचा सगळ्यात महत्त्वाचा नियम तिला ठाऊक होता: जी वस्तू हरवली तर आपल्याला रडू येईल, ती पाठवायची नाही. हे प्रवासी हरवतात, बरं का! डबा पुरात वाहून जातो, कुणी नोंद करायला विसरतो, कुणी वस्तू ठेवूनच घेतो.

दुसऱ्या दिवशी आजीनंच तोड काढली. "कुलपाला दोन किल्ल्या होत्या," ती म्हणाली आणि डब्यातून दुसरी काढून दिली. "ही त्यांनी कधी वापरली नाही. ही जाऊ दे फिरायला."

बघा, बिल्ले दोन आणि किल्ल्याही दोन! एक जोडी घरी, एक प्रवासाला.

भाचीनं एक छोटी चिठ्ठी लिहून लॅमिनेट केली. तिच्यात इंग्रजीत लिहिलं, 'माझं कुलूप भारतात, वाई गावी आहे. मला तिकडे जवळ जवळ नेत राहा.' सिअ‍ॅटलला परतल्यावर तिनं किल्ली एका बागेतल्या डब्यात सोडली.

किल्ली ऑरेगॉनला गेली. तिथून कुणाच्या तरी खिशातून थेट जर्मनीला! आजी दर रविवारी फोनवर विचारायची, "किल्ली कुठं पोचली?" नातवंडांच्या जुन्या अ‍ॅटलासमध्ये तिनं ऑरेगॉन शोधलं, जर्मनी शोधलं. तिथं थंडी किती, लोक काय खातात, सगळ्या चौकशा!

आणि मग बातमी थांबली. सात महिने काहीच नाही. शेवटी एका जर्मन खेळाडूनं कळवलं, 'डबा पाहिला. किल्ली त्यात नाही.'

भाची रडली. तिनं घाबरत घाबरत आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "अगं, आजोबांची किल्ली आहे ना इथं खिळ्याला. आणि दुसरा बिल्ला आहे ना तुझ्याजवळ? मग? आता काय पाठवायचं, ते शोधू."

हरवलेल्या प्रवाशाचा घरी ठेवलेला बिल्ला नव्या वस्तूला लावून प्रवास पुन्हा सुरू करता येतो. सध्या आजी आणि नात मिळून तीच नवी वस्तू निवडताहेत!

आता तुमची पाळी

बिल्ला विकत आणायची गरज नाही. या रविवारी घरात हिंडून पाच वस्तू गोळा करा. प्रत्येकीला हे प्रश्न विचारा. एक रात्र पाण्यात राहिली तर टिकेल का? काडेपेटीत मावेल का? साखळी अडकवायला जागा आहे का? कुणाला लागेल, बोचेल का? पाहताक्षणी कुणी खिशात घालील का? तिच्याबद्दल दोन वाक्यांत गोष्ट सांगता येईल का? आणि शेवटचा प्रश्न: ती परत आलीच नाही, तर तुमची तयारी आहे का?

सगळ्या परीक्षांत पास होणारी वस्तू सापडली, तर ती कुणाची, कुठून आली, हे आजी-आजोबांना जरूर विचारा. आम्हाला आजोबांची ती रात्रीची सवय अशीच कळली.

आईबाबांसाठी चार शब्द

हा खेळ आपल्याकडेही खेळतात, पण मुलांना एकटं पाठवू नका. रेल्वे स्थानक, विमानतळ, लष्करी भाग किंवा संरक्षित किल्ल्यांवर डबा मुळीच ठेवू नका. बेवारस डबा दिसला, की लोक घाबरतात आणि ते बरोबरच आहे. जागेच्या मालकाची परवानगी घ्या. चिठ्ठीवर घराचा पत्ता किंवा फोन लिहू नका. बिल्ल्याचा फोटो इंटरनेटवर टाकताना क्रमांक झाका, नाहीतर वस्तू हाती नसतानाही कुणी खोटी नोंद करील.