चित्रपटांचा इतिहास व हरवलेलीं रिळें

मार्क कझिन्स या उत्तर आयर्लंडांत वाढलेल्या गृहस्थांनीं २०११ सालीं जगांतील चित्रपटकलेचा इतिहास चित्रपटांतूनच सांगणारी एक मालिका तयार केली. तिचे भाग पंधरा असून प्रत्येक भाग सुमारें तासाभराचा आहे. पाहणारांचीं तिजविषयींचीं मतें ऐकण्यासारखीं आहेत. कोणास निवेदकाचा संथ, हेल काढून बोलण्याचा स्वर रुचत नाहीं. कोणी म्हणतात, हॉलिवूडखेरीज जपान, इराण, सेनेगाल येथेंही ही कला किती वाढली हें आम्हांस प्रथमच कळलें. स्वराच्या तक्रारीस आम्ही फारसें महत्त्व देत नाहीं. पंधरा तास एकच आवाज ऐकल्यावर तो कोणास गोड लागेल?

परंतु असला इतिहास पाहूं लागतांच मराठी प्रेक्षकाच्या मनांत निराळाच प्रश्न येतो: यांत आमच्या जुन्या चित्रपटांस जागा किती? प्रश्न रास्त आहे. मात्र ग्रंथकारास नष्ट झालेल्या चित्रपटाविषयीं जुन्या जाहिराती व वर्तमानपत्रें पाहून लिहितां येतें. जो चित्रांनीं इतिहास सांगूं पाहतो त्यास प्रत्यक्ष रीळ हवें. रीळ नसेल तर तो काय दाखविणार?

आरंभ तर आपल्याकडे लवकर झाला. डिसेंबर १८९५ मध्यें ल्युमिएर बंधूंनीं पॅरिस येथें आपलीं चलच्चित्रें दाखविलीं, आणि सहा महिने लोटतात न लोटतात तोंच, ७ जुलै १८९६ रोजीं, त्यांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत झाला. आपल्या पनवेलच्या बंदरांतून पडावानें मुंबईस जाण्याचा तो काळ! पुढें धुंडिराज गोविंद फाळके यांनीं मुंबईस प्रभु येशूच्या चरित्रावरील चित्रपट पाहिला. आपल्या पुराणांतील देवादिकही असेच पडद्यावर यावेत असा ध्यास त्यांनीं घेतला, आणि ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ कॉरोनेशन थिएटरांत लागला. स्त्री नट मिळेना, म्हणून तारामतीचें काम साळुंके नांवाच्या पुरुषानें केलें. या चित्रपटाच्या चार रिळांपैकीं पहिलें व शेवटचें एवढींच आज शिल्लक आहेत. तींही १९१७ च्या नव्या आवृत्तीचीं असावींत असें कांहीं अभ्यासकांचें मत आहे.

असें कां झालें? त्या काळची फीत नायट्रोसेल्युलोजची असे. हा पदार्थ बंदुकीच्या कापसाच्या जातीचा. तो थोड्या उष्णतेनें पेटतो, आणि एकदां पेटला कीं पाण्याखालींही जळत राहतो. नीट न ठेवल्यास फीत आधीं चिकट होते व अखेरीस तिची पूड होते. शिवाय तिच्यावरील लेपांत चांदी असे. बोलपट आल्यावर मूकपटांस कोणी विचारीना, तेव्हां चांदीच्या लोभानें पुष्कळ रिळें मोडींत गेलीं. हजाराहून अधिक मूकपट आपल्या देशांत निघाले. पूर्ण राहिलेले बोटांवर मोजावेत इतकेच. १९३१ चा पहिला बोलपट ‘आलम आरा’ हाही आज कोठें मिळत नाहीं. जानेवारी २००३ मध्यें पुण्यास, पूर्वीं जेथें प्रभात कंपनी होती त्या आवारांत, आग लागून जुनीं रिळें मोठ्या संख्येनें जळालीं. हें तर आपल्या डोळ्यांदेखत घडलें.

जें वाचलें त्याची किंमत यावरून कळते. प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आज पाहतां येतो, म्हणून व्हेनिसच्या महोत्सवांत १९३७ सालीं त्याचा गौरव कां झाला हें कोणाही विद्यार्थ्यास स्वतः पारखतां येतें. पुण्यास १९६४ मध्यें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. तेथील पी. के. नायर यांनीं गांवोगांव फिरून रिळें गोळा केलीं, फाळक्यांच्या कुटुंबीयांकडेही ते गेले. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) बराचसा हातीं लागला आहे. त्यांत बाळकृष्णाचें काम फाळक्यांची सुमारें सात वर्षांची कन्या मंदाकिनी हिनें केलें असून, आरंभीं ती निरनिराळे भाव मुखावर आणून आपणांस दाखविते.