दहा वॉटचा आवाज आणि पालची वाट

पौषात मृग नक्षत्रावर पाल येथे श्रीखंडोबा व म्हाळसा यांचा विवाहसोहळा होतो. महामार्ग सोडून तारळीकाठाने पालकडे वळणारा भाविकांचा लोंढा प्रथम आमच्या उंब्रजमध्ये येतो. वाहने कोठे लावावीत, कोणता रस्ता बंद आहे, चुकलेले मूल कोठे बसविले आहे, हे त्या गर्दीत कोणी कोणास सांगावे? हजारो मोबाईल एकदम बोलू लागले की तेही मुके होतात. रेडिओचे तसे नाही. ऐकणारे दहा असोत वा दहा हजार, लहर तेवढीच लागते.

अमेरिकेत १९७७ पासून रस्त्याकडेला प्रवाशांसाठी अशी लहान मध्यलहरी केंद्रे चालविण्यास अनुमती आहे. त्यांची शक्ती अवघी १० वॉट, एरियलची उंची फार तर १५ मीटर आणि दीड किलोमीटरवर लहरीची तीव्रता प्रतिमीटर २ मिलिव्होल्टपेक्षा अधिक नसावी, असा नियम आहे. १६१० किलोहर्ट्झची लहर सुमारे १८६ मीटर लांब. तिला पाव लांबीचे, म्हणजे ४६ मीटरांचे एरियल शोभते. पंधरा मीटरांच्या खांबावरून बरीचशी शक्ती जमिनीतच उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणून खांबाभोवती तांब्याच्या तारा पुरून अर्थिंग उत्तम करावे लागते. केवळ वॉट वाढवून काम भागत नाही; शक्ती चौपट केली तरी तीव्रता दुप्पटच होते.

अंतर दुप्पट झाले की तीव्रता निम्मी होते, आणि पुढे जमीन तिला अधिकच शोषून घेते. ओलसर मातीवरून लहर दूर जाते. खडकाळ जमिनीवर लवकर क्षीण होते. १९६३ साली सुरू झालेले आकाशवाणीचे सांगली केंद्र मध्यलहरींवर ज्यांनी ऐकले, त्यांना रात्रीची खरखर आठवत असेल. दिवसा वातावरणाचा वरचा थर दूरच्या लहरी गिळतो. सूर्यास्तानंतर त्या आकाशातून परतून आपल्या केंद्रावर चाल करून येतात. दुबळ्या केंद्राचे क्षेत्र मग आणखी आक्रसते.

समजा, आवाज दोन्ही बाजूंस तीन किलोमीटर पोहोचला. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सहा मिनिटांत ते क्षेत्र ओलांडील. तेव्हा निरूपण लांबविण्यास येथे वाव नाही. सूचना मिनिटाभराची असावी व पुनःपुन्हा सांगावी. शासनाच्या अनुमतीने यात्रेपुरता तरी असा प्रयोग उंब्रजच्या फाट्यावर व्हावा. चुकलेले एक लेकरू लवकर आईच्या कुशीत आले, तरी त्या दहा वॉटांचे सार्थक झाले.