घरकुल मंजूर, जागा कुठंय?

तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीत येते, तेव्हा परीट समाजाची मंडळी वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढपाळ आपली मेंढरे पालखीभोवती पळवतात. पुढे सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी आणि मग इंदापूर. पालखी महामार्ग झाल्यापासून मोटारीला हे पन्नासेक किलोमीटर म्हणजे तासाभराचे काम. पण या पट्ट्यात माणसे राहतात कशी, हे बघायचे तर पालखीच्याच चालीने जावे. नगरपालिकेच्या हद्दीतली मजल्यांवरची घरकुले, साखर कारखान्यांच्या कॉलन्या, ऊसतोड्यांच्या कोप्या, शेती महामंडळाच्या चाळी आणि उजनीच्या पाण्याने उठवलेली गावे, हे सगळे एकाच रस्त्याच्या आजूबाजूला आहे. सरकारच्या घरकुल योजना इथे झाडून सगळ्या पोचल्या आहेत. त्या जिथे अडतात, तिथे बहुतेक वेळा विटा-सिमेंट कमी पडलेले नसते. पायाखाली आपली म्हणावी अशी अर्धा गुंठा जमीन नसते.

बारामतीपासून सुरू करू. कऱ्हेच्या काठचे हे गाव जुने. नगरपालिका १८६५ सालची. कवी मोरोपंत बाबूजी नाइकांच्या आश्रयाने इथेच राहिले आणि १७९४ मध्ये इथेच वारले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नीरा डावा कालवा आला आणि बारामतीच्या जमिनीचे दोन भाग झाले, बागायत आणि जिरायत. आजही तालुक्यात सोयरीक जमवताना ‘बागायत पट्ट्यातले का जिरायत?’ हा प्रश्न निघतोच. घरकुलाच्या कामात तो वेगळ्या अंगाने निघतो. सुपे-मोरगावकडच्या जिरायती भागात जागा मिळते, रोजगार मिळत नाही. कालव्याच्या पट्ट्यात रोजगार आहे, पण मोकळी म्हणून जमीन उरलेली नाही.

शहरात तर जागेची टंचाई आणखीच. एमआयडीसीत कारखाने आले, शिक्षणसंस्था वाढल्या, वैद्यकीय महाविद्यालय झाले. त्यामागोमाग भाड्याच्या खोल्याही वाढल्या. आमराईसारख्या जुन्या, दाट वस्तीत नगरपालिकेने घरकुलाच्या इमारती उभ्या केल्या. राज्यातल्या लहान शहरांत अशी मजल्यांची घरकुले आली ती मुख्यतः केंद्राच्या डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक गृहनिर्माण व झोपडपट्टी विकास कार्यक्रमातून. पुढे २०१५ मध्ये प्रधानमंत्री आवास योजनेची शहरी शाखा आली. झोपडीच्या जागी पक्के छत मिळाले, संडास-बाथरूम घरात आले, पावसाळ्यात भांडी मांडून गळती झेलणे थांबले; हे मोठेच काम आहे, त्याला नावे ठेवू नयेत. पण अशा इमारतीच्या जिन्याखाली एकदा वाकून बघावे. भाजीची हातगाडी जिन्याच्या गजाला साखळीने बांधलेली, शेजारी भंगाराची पोती आणि कुणाची तरी शेळी. झोपडीला अंगण होते, ते माणसाच्या धंद्याची जागा होते. नकाशा काढणाऱ्याने खोली मोजली, पण तो धंदा मोजायचा राहिला.

शहराची हद्द वाढली, तेव्हा तांदूळवाडी, जळोची, रुई ही गावे नगरपालिकेत आली. लोक अजून त्यांना ‘वाढीव हद्द’च म्हणतात. ग्रामपंचायत असताना घरकुलासाठी नमुना आठचा उतारा आणि ग्रामसभेच्या यादीत नाव असले की काम पुढे सरकायचे. शहरी योजनेत अडीच लाखांचे अनुदान मिळते, दीड लाख केंद्राचे आणि एक लाख राज्याचे. रक्कम मोठी खरी, पण त्यासाठी मालकीचा निर्वेध कागद, बांधकाम परवानगी आणि मंजूर नकाशा लागतो. गावठाणात चुलत्याच्या भिंतीला भिंत लावून तीन पिढ्या राहिलेल्या माणसाकडे यातले काय असणार? हद्द वाढली की रस्ता रुंद होतो, दिवे येतात आणि घरपट्टीही वाढते. कागद मात्र ज्याचा त्याने गोळा करायचा.

काटेवाडीपासून पुढे पंचायत समितीचा अंमल. इथले चलन म्हणजे ग्रामीण आवास योजना. १९८५ च्या इंदिरा आवासची ही धाकटी बहीण, २०१६ पासूनची. सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये, निदान २५ चौरस मीटरचे बांधकाम, शौचालयाचे १२ हजार वेगळे आणि रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी. राज्याने २०२५ मध्ये त्यात ५० हजारांची भर घातली. त्यातले १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलसाठी. २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजाने मजुरी धरली, तर सगळे मिळून २ लाख १० हजारांच्या आसपास जाते. याच्या जोडीला अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, पारध्यांसाठी पारधी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि २०२३ पासून ओबीसींसाठी मोदी आवास. योजनांची नावे लक्षात ठेवायची, तर ग्रामसेवकालाही भिंतीवर तक्ता लावावा लागतो.

पैसे हप्त्याहप्त्याने येतात आणि प्रत्येक हप्ता एका फोटोला बांधलेला असतो. जोता झाला की गृहनिर्माण अभियंता मोटारसायकलवर येतो, मोबाइल काढतो आणि नवरा-बायकोला जोत्यासमोर उभे करतो. घर शक्यतो बाईच्या किंवा दोघांच्या नावावर असते, म्हणून तीही फोटोत हवी. ती उसाच्या खुरपणीला गेली असेल, तर बोलावून आणतात. मग पदर सावरून, हाताची माती पुसून ती उभी राहते. मोबाइलने अक्षांश-रेखांश पकडले की फोटो वर जातो. रेंज नसली, तर अभियंता थोडा उंचवट्यावर जाऊन हात वर करून उभा राहतो. त्या फोटोवर पुढचा हप्ता आणि त्या हप्त्यावर गवंड्याची उधारी अवलंबून. पाच ब्रास वाळू मोफत देण्याचे सरकारचे धोरण आहे. नीरा आणि भीमा या दोन नद्यांमधल्या तालुक्यांना वाळूचे मोल काय सांगावे! मात्र पास हातात पडणे वेगळे आणि वाळूची गाडी दारात येणे वेगळे.

२२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्याच्या बालेवाडीत केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रे देण्याचा कार्यक्रम झाला. त्याआधी निकषही सैल केले होते. दारात दुचाकी आहे म्हणून अपात्र ठरवणे बंद झाले. हे योग्यच झाले. आज दुचाकीशिवाय एमआयडीसीत कामाला जायचे कसे? तेव्हा यादी वाढली, पैसा आला, नावे लागली. पण पत्र हातात घेऊन ‘आता जागा कुठंय?’ म्हणणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांच्यासाठीही योजना आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची, जागा खरेदीला मदत करणारी. पूर्वी ५० हजार मिळत, आता ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी कमाल एक लाख. ५०० चौरस फूट म्हणजे अर्ध्या गुंठ्याहूनही किंचित कमी. पालखी महामार्गाच्या कडेला लाख रुपयांत एवढी जागा द्यायला कोण तयार होईल, हे विचारायला नको.

बरे, देणारा भेटला तरी तुकडेबंदीचा कायदा आडवा येतो. १९४७ चा हा कायदा शेतीचे बारीक तुकडे होऊ नयेत म्हणून केलेला. २०२३ मध्ये मर्यादा ठरली ती बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे. त्याहून कमी तुकड्याची खरेदी दस्तावर चढत नसे. भूमिहीनाला दहा गुंठे घेणे परवडले असते, तर तो घरकुलाच्या यादीत कशाला आला असता? २०२४ मध्ये विहीर, शेतरस्ता आणि ग्रामीण घरकुल यांसाठी लहान तुकडा घ्यायची सवलत मिळाली, तीही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने. एका हाताने मंजुरी देणारे सरकार आणि दुसऱ्या हाताने दस्त अडवणारे सरकार यांची भेट व्हायला एवढा काळ लागला.

सणसरजवळ भवानीनगरला छत्रपती सहकारी साखर कारखाना. गाळप हंगामात कारखान्यांच्या आसपास उसाच्या पाचटाच्या, आता बऱ्याचशा प्लास्टिकच्या कागदाच्या कोप्या उभ्या राहतात. मराठवाड्यातून आलेले ऊसतोड कामगार दिवाळीनंतर येतात, उन्हाळ्यात परततात. घरकुल मिळालेच तर त्यांच्या गावी; आणि जोत्याचा फोटो काढायची वेळ येते तेव्हा लाभार्थी इथे कोयता घेऊन फडात. त्यांच्या वाट्याचे वर्षातले पाच-सहा महिने कुठल्याच यादीत बसत नाहीत.

लासुर्ण्याजवळ जंक्शन नावाचे गाव लागते आणि तिथून वालचंदनगरचा फाटा. वालचंद हिराचंद यांनी माळरानावर उभे केलेले हे गाव आहे. आधी ऊस आणि साखर, मग यंत्रे. इस्रोच्या अग्निबाणांचे भागही इथे बनले. कंपनीने कामगारांना घरे, शाळा, दवाखाना सगळे दिले. आपल्याकडे ‘परवडणारे घर’ हा शब्दप्रयोग रुळायच्या कितीतरी आधी हे झाले होते. त्यातली गोम एकच. घर नोकरीबरोबर आले, म्हणजे ते नोकरीबरोबर जाणारही.

ही गोम उघडी पडते ती शेजारच्या रत्नपुरी मळ्यात. खासगी साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनी १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्याखाली सरकारकडे गेल्या आणि १९६३ मध्ये त्या कसण्यासाठी राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. रत्नपुरी हा महामंडळाचा इंदापूर तालुक्यातला मळा. कामगार आले, चाळींत राहिले, त्यांची पोरे तिथेच वाढली. जमिनी खंडाने दिलेल्या या शेतकऱ्यांनी, म्हणजे खंडकऱ्यांनी, पिढ्यान्‌पिढ्या लढा दिला आणि २०१२ पासून त्यांना जमिनी परत मिळू लागल्या. तो न्यायच होता. मात्र सातबाऱ्यावर कुळाचे नाव होते, मालकाचे नाव होते. नांगर धरणाऱ्या मजुराचे नाव कुठेच नव्हते. महामंडळाचे काम आटले, रोजगार गेला, माणसे त्याच जुन्या खोल्यांत राहिली. राहत्या ठिकाणी दोन गुंठे जागा द्या, एवढीच त्यांची वर्षानुवर्षांची मागणी. घरकुलाचे निकष लावले तर या माणसांइतके पात्र कोणी नसेल. पण पायाखालची जमीन महामंडळाची, म्हणून स्वतःच्या नावाचा उतारा नाही. उतारा नाही म्हणून जोता नाही. या साऱ्या पट्ट्यात मला सर्वांत जास्त खटकते ती ही जागा. इथे मालक सरकार, योजना सरकारची आणि अडवणूकही सरकारचीच.

इंदापूर हे शहाजीराजांचे वडील मालोजीराजे जिथे लढाईत पडले ते गाव. त्यांची गढी आणि चाँदशावली बाबांचा दर्गा ही गावाची ओळख. तालुक्याची दुसरी कड मात्र भीमेच्या पाण्यात आहे. उजनीच्या धरणाचे काम १९६० च्या दशकात सुरू झाले आणि १९८० मध्ये पुरे झाले. पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ मध्ये, म्हणजे काम निम्म्याहून अधिक झाल्यावर. पळसदेव पाण्याखाली गेले आणि सोलापूर महामार्गाकडेला नवे बसले. उन्हाळ्यात धरण खूप आटले की पळसनाथाचे जुने मंदिर उघडे पडते. मग सगळे कॅमेरे तिकडे धावतात. भिगवण-कुंभारगावच्या रोहित पक्ष्यांसारखेच तेही एक प्रेक्षणीय स्थळ होते.

नव्या गावठाणांकडे मात्र कॅमेरे वळत नाहीत. उठवलेल्या कुटुंबांना तेव्हा प्लॉट दिले ते त्या वेळच्या खातेदाराच्या नावावर. अर्धशतकात त्या एका प्लॉटवर तीन पिढ्या झाल्या. मुले, नातू, नांदायला गेलेल्या बहिणी, पुण्यात नोकरीला असलेला चुलत भाऊ, सगळे वारस. यातल्या धाकट्या नातवाचे नाव घरकुलाच्या यादीत लागते, तेव्हा ग्रामसेवक सर्वांची संमतीपत्रे मागतो. भावकीत एकाने जरी सही अडवली, तरी हप्ता परत जाण्याची वेळ येते. सरकारी जमिनीवर बांधलेल्यांची २०११ पूर्वीची राहती घरे नियमित करण्याचा निर्णय सरकारने २०१८ मध्ये घेतला. पुनर्वसित गावठाणातल्या वारसांच्या गुंत्याला मात्र असे एका कागदात उत्तर नाही. वारसनोंदीचे शिबिर घ्यावे, मोजणी करून प्लॉटचे हिस्से पाडून द्यावेत आणि वाढीव गावठाणासाठी सरकारी पडीक शोधावी, एवढे तलाठी, भूमी अभिलेख आणि पंचायत समिती यांनी एका टेबलाशी बसून केले, तर अडलेले बरेच जोते उभे राहतील.

जागा नसलेल्यांसाठी राज्याच्या महाआवास अभियानात बहुमजली इमारतीचाही पर्याय ठेवला होता. एमआयडीसीला लागून असलेल्या गावात तो चालेल. पगारावर जगणाऱ्याला अंगण नसले तरी भागते. पण पालखीभोवती मेंढरे पळवणाऱ्याला दुसऱ्या मजल्यावर घर दिले, तर तो मेंढरे बांधणार कुठे, याचे उत्तर त्या आराखड्यात असायला हवे.