क्रीममधले अल्कोहोल आणि शरियत

कुराणात (५:९०) ‘खम्र’ म्हणजे मद्य निषिद्ध ठरवले आहे. ते पिणे हराम, यावर एकमत आहे. त्वचेला लावण्याबाबत मात्र प्रश्न वेगळा उभा राहतो: अल्कोहोल नजिस, म्हणजे अपवित्र, आहे का? तसे असेल, तर ते अंगावर असताना नमाज चालत नाही.

शाफई पंथाच्या प्रस्थापित मतानुसार नशा आणणारा प्रत्येक द्रव नजिस असतो. हनफी पंथात इमाम अबू हनीफांच्या मताच्या आधारे आजचे अनेक मुफ्ती द्राक्षे-खजुरांपासून न बनलेले अल्कोहोल बाह्य वापरासाठी चालवून घेतात. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २००९च्या फतव्यात मद्यउद्योगातून आलेले अल्कोहोल नजिस ठरवले, इतर नाही. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई आणि महाराष्ट्रातील इतर बरेचसे हनफी असल्याने दोन शेजाऱ्यांना वेगळी उत्तरे मिळू शकतात.

लेबल नीट वाचावे. ‘अल्कोहोल डिनॅट’ म्हणजे पिण्यास अयोग्य केलेले इथेनॉल, वाद त्याचाच. सीटाइल किंवा स्टिअरिल अल्कोहोल हे मेणासारखे घट्ट पदार्थ असून त्यांनी नशा येत नाही. तिथे फक्त ते वनस्पतिजन्य की प्राणिजन्य, एवढे पाहावे. शंका असल्यास आपल्या पंथाच्या मुफ्तींना विचारावे.