दातातले सिमेंट आणि फ्लोराइडची शिदोरी

बडोद्याच्या पूर्वेला, मध्य प्रदेशच्या सीमेलगत अंबाडुंगर हा डोंगराळ परिसर आहे. २०१३ पर्यंत तो वडोदरा जिल्ह्यात होता. आता छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडतो. फ्लोरस्पार, म्हणजेच कॅल्शियम फ्लोराइड, या खनिजाचा देशातील एक मोठा साठा येथे आहे. खडकांतील फ्लोराइड विहिरी-कूपनलिकांच्या पाण्यात प्रमाणाबाहेर उतरले, तर दातांवर डाग पडतात आणि कालांतराने हाडे व सांधे आखडतात. गुजरातमधील अनेक गावांनी हा त्रास भोगला आहे. दुसरीकडे, दातातील पोकळी बुजवणाऱ्या एका सिमेंटसाठी लागणारी काच बनवताना हेच खनिज वापरतात. मग दातात भरलेले फ्लोराइड उपकारक म्हणावे की अपायकारक?

या सिमेंटचे नाव ग्लास आयोनोमर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समोरच्या दातांत सिलिकेट सिमेंट भरत असत. ते लवकर झिजे. मात्र त्याच्या कडेने पुन्हा कीड क्वचितच लागते, असे दंतवैद्यांच्या ध्यानात आले. त्याचे श्रेय त्यातील फ्लोराइडला दिले गेले. हा गुण राखून दाताला रासायनिक बंधाने चिकटणारे नवे सिमेंट लंडनमधील सरकारी प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी घडवले. १९७२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली.

सिलिका, ॲल्युमिना आणि फ्लोराइडयुक्त खनिजे वितळवून केलेल्या काचेची पूड पॉलिॲक्रिलिक आम्लाच्या द्रावणात कालवली जाते. आम्लामुळे काचेच्या कणांतून कॅल्शियम व ॲल्युमिनियम सुटे होतात, आम्लाच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधतात आणि मिश्रण घट्ट होते. फ्लोराइडही सुटते, पण या बांधणीचा भार त्याच्यावर नसतो. म्हणून ते लाळेत उतरत राहिले, तरी सिमेंट खिळखिळे होत नाही.

पहिल्या एक-दोन दिवसांत फ्लोराइड सर्वाधिक बाहेर पडते. नंतर त्याचा ओघ झपाट्याने ओसरतो आणि अल्प प्रमाणात दीर्घकाळ चालू राहतो. विशेष म्हणजे ही शिदोरी पुन्हा भरता येते. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासले, की सिमेंट त्यातील थोडे फ्लोराइड शोषून घेते आणि सावकाश परत सोडते. चांदीच्या फिलिंगमध्ये ही सोय नाही. दाताच्या रंगाच्या साध्या कॉम्पोझिटमध्येही ती जवळपास नसतेच.

तोंडातील जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला, की दातावरचे कठीण आवरण विरघळू लागते. त्यात फ्लोराइड मिसळले असेल, तर ते सुमारे ४.५ सामूपर्यंत तग धरते. मात्र प्रयोगशाळेत पाण्यात मोजलेले फ्लोराइड आणि तोंडातील प्रत्यक्ष संरक्षण यांत अंतर आहे. फिलिंगच्या कडेची कीड त्यामुळे किती टळते, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. शिवाय चावण्याचा जोर पडणाऱ्या जागी ग्लास आयोनोमर कॉम्पोझिटपेक्षा लवकर झिजते.

धास्तीचे म्हणाल, तर फिलिंगमधून रोज सुटणारे फ्लोराइड मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह आहे; दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. असे पाणी दिवसाला तीन लिटर प्यायले, तर साडेचार मिलिग्रॅम, म्हणजे ४,५०० मायक्रोग्रॅम फ्लोराइड पोटात जाते. तेव्हा तपासणी करायची ती पाण्याची. फिलिंगला भिण्याचे कारण नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ग्लास आयोनोमरला अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. पाराविषयक मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली असून, त्यानुसार पारायुक्त चांदीचा वापर कमी करायचा आहे. त्यामुळे या सिमेंटचे महत्त्व वाढणार आहे.

बांबोळीचे दंत महाविद्यालय असो की गावातील दवाखाना, आपल्या दातात काय भरले जात आहे आणि तेच का, हे रुग्णाने जरूर विचारावे. ग्लास आयोनोमर भरले म्हणून दात घासण्यात कसूर करू नये. सकाळ-संध्याकाळच्या टूथपेस्टवाचून ही शिदोरी फार काळ पुरत नाही.