शाळेच्या आवारात तळे खणताना

शाळेत छोटेसे तळे करू या असे विज्ञानाच्या शिक्षकांनी सुचवले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘डास झाले तर?’ इचलकरंजीसारख्या गावात हा प्रश्न हसण्यावारी नेता येणार नाही. नळाला रोज पाणी येत नसल्याने घरोघरी पिंपे भरून ठेवण्याची सवय आहे, आणि डेंग्यू पसरवणारा एडीस डास नेमका अशा साठ्यांतच वाढतो.

एडीसची मादी पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर कडेला अंडी चिकटवते. भांडे सुकले तरी अंडी कित्येक महिने तग धरतात. पाणी पुन्हा चढले की अळ्या बाहेर पडतात आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत डास तयार! पिंपात या अळ्यांना खाणारे कोणी नसते. तळ्यात मात्र मासे असतात, चतुरांच्या अळ्या असतात. तेव्हा भीती बाळगायची ती अर्धवट भरलेल्या, ओसाड हौदाची. काठावर गवत माजू दिले तर मासे तिथे शिरू शकत नाहीत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. आरोग्य खात्याकडून मिळणारे गप्पी मासे चालतील. पण ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले, म्हणून तळ्याचे पाणी ओसंडून ओढ्यात जाणार नाही अशी तजवीज हवी.

आता जागा. नदीकाठच्या शाळांनी प्रथम पूररेषा पाहावी. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. २००५, २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी कुठवर आले होते, हे तर गावात कोणीही सांगेल. इचलकरंजीत २०२२पासून महानगरपालिका आहे. तिच्या नगररचना विभागाला साधा नकाशा दाखवून परवानगीचे आधीच विचारून घेतलेले बरे.

खरी अडचण मातीची. पंचगंगेकाठची काळी माती भिजली की फुगते, वाळली की आक्रसून भेगाळते. त्यामुळे सिमेंटचा तळ एक-दोन उन्हाळ्यांत तडकू शकतो. झिरपणारे तळे वर्गाच्या भिंतीला लागून असेल तर पायाखालची माती फुगून भिंतही तडकायची! म्हणून तळे इमारतीपासून दूर असावे आणि त्यात शेततळ्याला वापरतात तसा ५०० मायक्रॉन जाडीचा प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. त्याखाली बारीक वाळूचा थर द्यावा. (यंत्रमागावरच्या चिंध्या फुकट मिळतात, पण सुती कापड कुजते.)

कागद किती लागेल? तळे ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल धरू. लांबीत खोलीची दुप्पट आणि दोन्ही काठांवर दाबायला ३०-३० सेंटिमीटर मिळवले की ४.६ मीटर होतात. तसेच रुंदीचे ३.६ मीटर. काठ उतरते असल्याने पाणी सुमारे २००० लिटर मावेल. १०० चौरस मीटर छपरावर ३० मिलिमीटर पाऊस पडला तर ३००० लिटर पाणी होते. काही वाया गेले तरी एका चांगल्या सरीत तळे भरते. म्हणून खणायचे मे महिन्यात. उन्हाळ्यात रोज ७ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर ६ चौरस मीटर पृष्ठभागावरून दिवसाला ४२ लिटर पाणी उडते. खरा आकडा मुलांनीच पट्टी लावून काढावा. नळाचे पाणी घालावे लागले तर ते दोन दिवस उघडे ठेवून, क्लोरीन उडाल्यावर घालावे.

लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते. म्हणून एक बाजू तरी सावकाश उतरती ठेवावी, वर भक्कम लोखंडी जाळी बसवावी आणि भोवतीच्या कुंपणाला कुलूप असावे. या खर्चात काटकसर नको.

वनस्पतींत कुमुदिनी आणि हायड्रिला पुरेशी आहेत. हायड्रिलाचे बुडबुडे प्रकाशसंश्लेषणाच्या तासाला उपयोगी पडतात. पंचगंगेतली जलपर्णी मात्र तिच्या निळसर फुलांना भुलून कोणी आणू नये. काही आठवड्यांत ती सारे पाणी झाकून टाकते. बेडूक आणि चतुर आणावे लागत नाहीत, जूनच्या पावसात ते आपणहून येतात.