कोरफडीला पाणी बेतानंच

इंदापूर तालुक्यातल्या डाळजकडचं ऊन कोरफड सोसते. तिला मारतं ते आपलं पाणी. उसाच्या रानातली काळी माती तशीच कुंडीत भरू नका. ती ओल धरते, मुळं कुजतात. निम्मी जाड वाळू मिसळा. बुडाला भोक हवंच. बोट दोन पेरं खुपसून पाहा, कोरडं लागलं तरच पाणी. पानं पातळ होऊन कडा आत वळल्या तर तहान; बुडखा मऊ, पिवळट पडला तर पाणी जास्त झालं. कोरफडीची रंध्रं रात्री उघडतात, म्हणून भर उन्हातही तिच्यातली ओल फारशी उडत नाही. पान कापल्यावर ओघळणारा पिवळा चीक मात्र निथळू द्या. पोटात गेला तर जुलाब ठरलेले. हाच चीक आटवला की काळाबोळ होतो.